संसर्गावर पाळत ठेवणाऱ्या सिस्टर

उपचारांसाठी रुग्णालयात यावे आणि तिथेच नवा संसर्ग जडावा, हे बऱ्याच अंशी टाळता येते. त्यासाठी खास सिस्टर नेमण्याची सुरुवात १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्की इथे झाली.

संसर्ग नियंत्रण परिचारिका वॉर्डावॉर्डातून फिरतात. सलाइनची सुई टोचलेली जागा लाल झाली आहे का, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीपासून वर आहे ना, हे त्या वाकून पाहतात. ‘या नळीची आता गरज आहे का?’ हा त्यांचा सर्वांत मोलाचा प्रश्न, कारण नळी जितके दिवस आत, तितका धोका जास्त. एकाच वॉर्डात दोघातिघांना जुलाब लागले, तर अहवाल येण्याआधीच त्या सावध होतात.

दर २५० खाटांमागे अशी एक परिचारिका, प्रशिक्षित डॉक्टर आणि नेटकी देखरेख असेल, तर असे संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे अमेरिकेतल्या ‘सेनिक’ अभ्यासाने १९८५ मध्ये दाखवून दिले. इतर ड्युट्या सांभाळून उरकण्याचे हे काम नव्हे. त्यासाठी पूर्णवेळ पदच हवे.

रुग्णाला भेटायला गेलात, तर खाटेजवळ जाण्याआधी आणि निघताना हात स्वच्छ करा. सिस्टरनी टोकले, तर ऐका.