शाईचा दाब आणि छपाईचा वेग

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• इंकजेट मुद्रणात शाईचा दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा किंचित कमी का ठेवतात, हे सांगता येईल.
• छपाईचा वेग वाढवताना या दाबात चढउतार का होतात, हे स्पष्ट करता येईल.
• त्यामुळे देवनागरी मजकुरात संभवणारे दोष मुद्रितशोधकाच्या दृष्टीने ओळखता येतील.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, खिळ्यांची छपाई आणि ऑफसेट मुद्रण या दोन्ही पद्धतींत मजकूर आधी एका पृष्ठावर पक्का होतो आणि मग त्याच्या प्रती निघतात. त्यामुळे अक्षरजुळणीतील चूक सर्व प्रतींत सारखीच उतरते. इंकजेट मुद्रणात असा साचा नसतो. प्रत्येक प्रत शाईच्या थेंबांनी नव्याने रेखाटली जाते. म्हणूनच एखाद्या पुस्तकाच्या शंभर-दोनशे प्रती छापणेही परवडते. मात्र याच कारणाने प्रत्येक प्रतीचे यश त्या क्षणी शाई कशी वाहत होती यावर अवलंबून राहते.

विषय-विवेचन

१. थेंब कसा उडतो?

मुद्रणशीर्षावर केसापेक्षाही बारीक छिद्रांच्या रांगा असतात. छिद्रामागील लहानशा कोठडीत शाई असते. काही यंत्रांत तेथील शाईचा पातळ थर क्षणार्धात तापवला जातो. त्याची वाफ होऊन बुडबुडा फुगतो आणि शाई बाहेर ढकलली जाते. १९८४ साली बाजारात आलेला एचपी कंपनीचा थिंकजेट हा मुद्रक या प्रकारचा होता. दुसऱ्या प्रकारात विद्युत्‌दाब देताच आकार बदलणारा पदार्थ कोठडीची भिंत हलवतो. एपसनचे मुद्रक या तत्त्वावर चालतात. उडणारा थेंब साधारणपणे काही पिकोलिटरचा असतो. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग.

२. दाब कमी का ठेवायचा?

वेगाने छापायचे तर शाई अधिक जोराने ढकलावी, असे आपल्याला सहज वाटेल. पिचकारीचा अनुभव तेच सांगतो. येथे मात्र उलट विचार करावा लागतो.

एक कृती करून पाहा. पाण्यात नळी बुडवून तिचे वरचे तोंड बोटाने बंद करा आणि नळी बाहेर काढा. पाणी खाली पडत नाही, कारण बोटाखालील हवेचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा थोडा कमी झालेला असतो. मुद्रणशीर्षातील शाईही अशाच किंचित ऋण दाबाने धरून ठेवलेली असते. छिद्राच्या तोंडाशी तिचा पृष्ठभाग आत वळलेला असतो आणि पृष्ठताण त्याला सावरतो.

हा दाब वाढून बाहेरच्या दाबाच्या वर गेला, तर छपाई नसतानाही शाई पाझरते. छिद्राभोवतालचा भाग ओला होतो आणि पुढचा थेंब वाकडा उडतो. उलट दाब फारच उतरला, तर शाई मागे खेचली जाऊन छिद्रातून हवा आत शिरते. मग दिलेला धक्का हवा दाबण्यातच खर्ची पडतो, थेंब बाहेर येत नाही.

हा समतोल साधण्याचे उपाय साधे आहेत. लहान काडतुसात स्पंज असतो. त्याची सूक्ष्म छिद्रे शाईला धरून ठेवतात. मोठ्या यंत्रात शाईचे भांडे छिद्रांच्या पातळीखाली ठेवता येते. भांड्यातील शाईची पातळी १० सेंटिमीटर खाली असेल, तर छिद्राशी दाब सुमारे १,००० पास्कलने, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास शंभराव्या हिश्शाने कमी होतो.

३. वेग वाढला की काय घडते?

थेंब उडाल्यावर रिकामी झालेली जागा मुख्यतः केशाकर्षणाने पुन्हा भरते. शाईचा पृष्ठभाग थोडा हेलकावतो आणि मग स्थिर होतो. पुढचा थेंब एकसारखा यावा, यासाठी ही स्थिरता आवश्यक असते. एक छिद्र सेकंदाला १०,००० थेंब टाकत असेल, तर दोन थेंबांमध्ये सेकंदाचा दहा हजारावा भाग मिळतो. एका इंचात ६०० ठिपके छापायचे असतील, तर कागद सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ४२ सेंटिमीटर सरकू शकतो. वेग दुप्पट करायचा, तर भरण्याचा वेळ निम्मा होतो.

दुसरी अडचण पुरवठ्याची आहे. १० पिकोलिटरचे थेंब १,००० छिद्रांतून याच गतीने पडले, तर सेकंदाला ०.१ मिलिलिटर शाई लागते. हा प्रवाह बारीक नळ्यांतून येतो. नळीची त्रिज्या निम्मी केली, तर तेवढ्याच प्रवाहासाठी सोळापट दाबफरक लागतो. त्यामुळे गडद चित्र छापताना शीर्षातील दाब उतरतो आणि विरळ मजकूर येताच सावरतो. गडद भाग एकाएकी संपला, तर वाहत आलेली शाई आपल्या वेगामुळे पुढे रेटते आणि दाब क्षणभर वाढतो. पानावर काय छापले आहे, यानुसारच दाब बदलतो, हे येथे विशेष लक्षात घ्यावे.

म्हणून वेगाचा प्रश्न दाब वाढवण्याचा नसून तो स्थिर राखण्याचा आहे. त्यासाठी शीर्षाजवळ छोटी टाकी ठेवतात. तिची एक बाजू लवचिक पडद्याची असल्यास तो पडदा धक्के शोषून घेतो. मोठ्या यंत्रांत संवेदक दाब मोजतात आणि पंप त्यानुसार गती बदलतात. काही शीर्षांत शाई छिद्रांमागून सतत फिरती ठेवतात. त्यामुळे हवेचे बुडबुडे वाहून जातात. शाईचे तापमानही सांभाळावे लागते, कारण थंड शाई अधिक घट्ट होते आणि हळू वाहते.

याला एक अपवाद आहे. वेष्टनांवरील तारखा छापणाऱ्या अनेक यंत्रांत शाईची धार पंपाच्या दाबाने अखंड सोडतात. तिचे थेंब विद्युत्‌भारित करून हवे तिकडे वळवतात आणि उरलेली शाई परत घेतात.

४. देवनागरी मजकूर आणि मुद्रितशोधन

शीर्ष आडवे फिरवणाऱ्या मुद्रकात शिरोरेषा ही लांब, अखंड आडवी रेघ असते. एकाच फेरीत छापल्यास ती मोजक्याच छिद्रांवर पडते आणि त्यांना विसावा मिळत नाही. ती छिद्रे उपाशी राहिली, तर शिरोरेषा फिकट होते किंवा तुटते. आपल्या लिपीत ही केवळ सौंदर्याची हानी नाही. ‘घ’ आणि ‘ध’, तसेच ‘म’ आणि ‘भ’ यांत शिरोरेषेचा खंड महत्त्वाचा असतो. पाझरलेल्या शाईने बारीक टंकातील तो खंड बुजला, तर ‘धन’चे ‘घन’ वाचले जाऊ शकते. अनुस्वार पुसट झाला, तर ‘त्यांचे’चे ‘त्याचे’ होते.

असा दोष संगणकावरील मजकुरात नसतो आणि संमत केलेल्या नमुन्यातही नसेल. तो एखाद्याच प्रतीत, एखाद्याच पानावर उतरू शकतो. म्हणून मुद्रितशोधकाने छपाईच्या आरंभीची, मधली आणि शेवटची प्रत तपासावी. गडद चित्रानंतरची पाने विशेष लक्षपूर्वक पाहावीत.

सारांश

इंकजेट मुद्रणात शाई किंचित ऋण दाबाखाली असते. वेग वाढला की छिद्र भरण्याचा वेळ घटतो आणि पुरवठ्यातील दाब डळमळतो. हा दाब स्थिर राखता आला, तरच वेगाबरोबर वाचनीयताही टिकते.

आपली प्रगती तपासा

१. शाईचा दाब अतिशय कमी झाल्यास छपाईवर कोणता परिणाम होतो?
२. शाईचे भांडे छिद्रांच्या पातळीखाली का ठेवतात?
३. गडद चित्र एकाएकी संपल्यावर दाब का वाढतो?

स्वाध्याय

आपल्या परिसरात इंकजेट मुद्रकावर छापलेली पाच पाने मिळवा. भिंगाच्या साहाय्याने शिरोरेषा, अनुस्वार आणि ‘ध’, ‘भ’ ही अक्षरे तपासा. आढळलेल्या दोषांची नोंद करा आणि प्रत्येक दोषामागे दाब कमी झाला असावा की वाढला असावा, याविषयी आपला तर्क दहा ओळींत लिहा.