नेव्हिल : आधी गाव, मग आडनाव, मग पाळण्यातले नाव

पिंपरी-चिंचवडहून लोकलने पुणे स्टेशनला उतरून आपण वाडिया कॉलेजकडे गेलो, की तिथे व्यवस्थापनशास्त्र शिकवणाऱ्या संस्थेच्या नावात ‘नेव्हिल वाडिया’ ही दोन नावे भेटतात. वाडिया आपल्या ओळखीचे. नेव्हिल मात्र मूळचे फ्रेंच आडनाव. ते इथवर कसे आले, ते क्रमाने पाहू.

आधी पूर्ण नाव वाचू : नेव्हिल नेस वाडिया. आपल्याकडच्यासारखेच स्वतःचे, वडिलांचे आणि मग घराण्याचे नाव. १९३२ साली सुरू झालेले कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, ते नवरोजी वाडिया नेव्हिल यांचे आजोबा. इथेच पहिली गफलत होते. माणूस पारशी, म्हणून नावही इराणी असणार असे धरून आपण फारसीत अर्थ शोधू लागतो आणि तिथे काहीच हाती लागत नाही.

शोधायचे ते फ्रान्सच्या उत्तरेला, नॉर्मंडी प्रांतात. नेव्हिल, नविल अशा नावांची गावे तिथे आहेत. अर्थ ‘नवी वस्ती’. चाकणचा तो चाकणकर, तसा त्या गावचा माणूस ‘द नेव्हिल’. त्यातला ‘द’ म्हणजे ‘चा’. पुढे हा ‘द’ गळला आणि नुसते नेव्हिल उरले.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांची आडनावेही तिकडे गेली. नेव्हिल घराणे तिथे बलाढ्य झाले. गंमत अशी, की तेराव्या शतकात या घराण्याच्या वारसाने वडिलांचे नव्हे, आईचे आडनाव लावले. म्हणून तर ते टिकले.

आता सर्वांत महत्त्वाचा टप्पा. आईच्या माहेरचे किंवा एखाद्या मातब्बर घराण्याचे आडनाव मुलाला नाव म्हणून ठेवायची रीत इंग्लंडात रुजली. पर्सी, रसेल ही नावेही अशीच आडनावांतून आली. एकोणिसाव्या शतकात नेव्हिल हे सर्रास मुलाचे नाव झाले होते.

नेव्हिल वाडिया १९११ साली लिव्हरपूलमध्ये जन्मले, आई इंग्रज. ‘ब्रिटिश पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांच्यावरून नाव ठेवले असेल’ असा तर्क कोणी केला, तर आधी साल पाहावे : चेंबरलेन पंतप्रधान झाले १९३७ मध्ये. नावाचा माग काढताना अशा चुका फार होतात. नाव जुळले, की आपण तारखा जुळवायचे विसरतो.

उलटा प्रवासही होतो, आणि त्याचे उदाहरण चाकणलाच आहे. २००९ पासून तिथल्या कारखान्यात बनणाऱ्या गाडीचे ‘मर्सिडीज’ हे नाव एका मुलीचे. तिचे वडील एमिल येलिनेक या गाड्यांचे मोठे विक्रेते होते. १९०३ साली त्यांनी रीतसर परवानगी काढून लेकीचे नाव आपल्या आडनावाला जोडले : येलिनेक-मर्सिडीज.