एक्कावन्नाचे पाच

१९९०च्या दशकात अमेरिकी सरकारकडून मोठ्या शस्त्रांची कंत्राटं थेट घेणाऱ्या विमान आणि संरक्षण क्षेत्रातल्या कंपन्या ५१ होत्या. आज ५ उरल्या आहेत: लॉकहीड मार्टिन, आरटीएक्स (जुनी रेथिऑन), नॉर्थ्रप ग्रमन, बोइंग आणि जनरल डायनॅमिक्स. ही मोजदाद पेंटॅगॉनचीच, फेब्रुवारी २०२२च्या अहवालातली. विमानं बनवणारे ८ होते, ३ झाले. डावपेची क्षेपणास्त्रं पुरवणारे १३ होते, तेही ३ झाले.

अमेरिकेच्या लष्करी खर्चाची चर्चा सहसा एका मोठ्या आकड्यावर थांबते: २०२४ साली ९९७ अब्ज डॉलर. पण हा पैसा कसा खर्च होतो, हे समजायचं तर विकणारे किती उरले, हे आधी पाहायला हवं.

स्टॉकहोमच्या 'सिप्री' संस्थेनुसार २०२३ साली जगातल्या पहिल्या १०० शस्त्रकंपन्यांनी ६३२ अब्ज डॉलरची शस्त्रं आणि लष्करी सेवा विकल्या. त्यात या पाच जणींचा वाटा सुमारे १९८ अब्ज, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. त्या वर्षीचा भारताचा सगळा लष्करी खर्च ८३.६ अब्ज होता. त्या खर्चात सैनिकांचे पगार आणि पेन्शन धरूनही पाच कंपन्यांची विक्री त्याच्या सव्वादोन पटींहून जास्त भरते.

शस्त्रविक्रीत पाचांतली सर्वांत मोठी लॉकहीड. २०२३ मध्ये तिची एकूण विक्री ६७.६ अब्ज डॉलर झाली. त्यातले ७३ टक्के अमेरिकी सरकारकडून आले, आणि एकट्या एफ-३५ या लढाऊ विमानाचा वाटा २६ टक्के. त्या वर्षी कंपनीने लाभांश आणि शेअर फेरखरेदीतून भागधारकांना सुमारे ९.१ अब्ज डॉलर दिले. स्वतःच्या पैशातून संशोधनावर केलेला खर्च होता १.५ अब्ज. जिचं बहुतांश उत्पन्न करदात्यांच्या पैशातून येतं, त्या कंपनीचं हे प्रमाण मला अस्वस्थ करतं.

कंपन्या इतक्या कमी कशा झाल्या? सरकारनेच केल्या. शीतयुद्ध संपलं, खर्चाला कात्री लागली, आणि १९९३ साली पेंटॅगॉनमधल्या एका जेवणाला बोलावलेल्या कंपनीप्रमुखांना संरक्षण उपमंत्री विल्यम पेरी यांनी स्पष्ट सांगितलं की, इतक्या जणांना पुरेल एवढं काम यापुढे नसेल. विलीनीकरणाचा काही खर्चही सरकारने उचलला. १९९४ मध्ये नॉर्थ्रपने ग्रमन घेतली, १९९५ मध्ये लॉकहीड आणि मार्टिन मॅरिएटा एक झाल्या, १९९७ मध्ये मॅकडॉनेल डग्लस बोइंगमध्ये गेली. पुढे लॉकहीड नॉर्थ्रपलाही घ्यायला निघाली, तेव्हा कुठे सरकार आडवं आलं. तो बेत १९९८ मध्ये बारगळला.

विक्रेते कमी झाल्याची किंमत कशी मोजावी लागते, ते सेंटिनेल क्षेपणास्त्रात दिसतं. जमिनीवरून डागायच्या जुन्या मिनटमन अण्वस्त्रांच्या जागी ही नवी व्यवस्था यायची आहे. २०१९ मध्ये बोइंग स्पर्धेतून बाहेर पडली आणि बोली लावणारी नॉर्थ्रप एकटीच उरली. ७७.७ अब्ज डॉलरचा अंदाज २०२४ पर्यंत १४०.९ अब्जांवर गेला, ८१ टक्के वाढ. खर्च इतका फुगला तर प्रकल्प रद्द करावा, नाहीतर तो अत्यावश्यक असल्याचं संरक्षण खात्याने लेखी द्यावं, असा कायदा आहे. जुलै २०२४ मध्ये खात्याने तसं लिहून दिलं. वाढीचा मोठा भाग भूमिगत तळ आणि केबलच्या कामाचा आहे, नफेखोरीचा नव्हे, हेही नोंदवायला हवं. पण काम दुसऱ्या कोणाला देण्याची सोय राहिलेली नव्हती.

सुट्या भागांत प्रश्न अधिक उघड दिसतो. २०१९ साली पेंटॅगॉनच्या महानिरीक्षकांनी ट्रान्सडाइम या कंपनीचे ४७ सुटे भाग तपासले. त्यांतल्या ४६ भागांवर तिने वाजवीपेक्षा जास्त, मिळून १.६१ कोटी डॉलर नफा कमावला होता. विक्रेता एकटाच असेल तर त्याने उत्पादनखर्च उघड करावा, असा १९६२चा कायदा आहे, मात्र ठरावीक रकमेच्या वरच. यातल्या बहुतेक खरेद्या त्या मर्यादेखालच्या होत्या. कंपनीने पुढे पैसे परत केले.

प्रत्येक करारात कंपनीच जिंकते असं मात्र नाही. हवेत इंधन भरणाऱ्या केसी-४६ विमानांचं काम बोइंगने ठरलेल्या किमतीत घेतलं आणि ७ अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसला. म्हणून आता कंपन्या असे करार टाळू पाहतात. झालेला खर्च अधिक नफा, असाच करार त्यांना हवा असतो.

खरा पैसा विमान विकत घेतल्यानंतर सुरू होतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानुसार एफ-३५ची आयुष्यभराची देखभाल २०१८ मध्ये १.१ लाख कोटी डॉलर धरली होती. २०२३ मध्ये ती १.५८ लाख कोटी झाली, आणि तीही विमानं आधी ठरवल्यापेक्षा कमी उडवण्याचा बेत असताना. मार्च २०२३ मध्ये ताफ्यातली जेमतेम ५५ टक्के विमानं मोहिमेसाठी सज्ज होती. दुरुस्तीला लागणारी बरीच तांत्रिक माहिती सरकारने सुरुवातीलाच करारात मागून घेतली नाही, त्यामुळे लष्कराचे स्वतःचे तंत्रज्ञ हाताशी असूनही कंपनीवर विसंबावं लागतं. वायुदलाचे तत्कालीन सचिव फ्रँक केंडल यांनी २०२३ मध्ये ही गंभीर चूक असल्याचं मान्य केलं, आणि पुढच्या लढाऊ विमानात ती होणार नाही असंही सांगितलं. त्या विमानाचं, एफ-४७चं, कंत्राट मार्च २०२५ मध्ये बोइंगला मिळालं. त्याची देखभाल सुरू होईल तेव्हा हा शब्द तपासता येईल.