एक्क्याऐंशी एक

डेम्लो संख्या म्हणजे डोंबिवली स्टेशनाच्या नावाची संख्या, असं ओळखीतल्या एका निवृत्त गणित शिक्षकांनी सांगितलं. मी मुलुंडकर, लोकलनं डोंबिवलीवरून शेकडो वेळा गेलोय, पण हे कधी कानावर आलं नव्हतं. "रविवारी घरी या, मुलं काय करतात बघा," सर म्हणाले. म्हणून गेलो.

मुलुंड पूर्वेला त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर सहा मुलं बसली होती. हातात चौकटीच्या वह्या. गणित एकच: १११११११११ गुणिले १११११११११. सातवीतली एक मुलगी प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवत लिहीत होती. नऊ ओळी, ओळीत नऊ एक. "एक्क्याऐंशी एक झाले बघ," सर म्हणाले. मग उभे रकाने. उजवीकडून एक, दोन, तीन… मधल्या रकान्यातले नऊ तिनं पेन्सिल टेकवून दोनदा मोजले आणि पलीकडे उतरली. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी. एकं, दहं म्हणत गेलं तर डावीकडचा एक 'मध्य' स्थानी, परार्धाच्या एक घर अलीकडे. अंकांची बेरीज? पुन्हा एक्क्याऐंशी. हातचा एकदाही आला नाही, म्हणून मांडलेला एकही एक हरवला नाही.

अशा डेम्लो संख्यांचा नाद दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा. जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेच्या डोंबिवली स्टेशनात ही कल्पना सुचली, म्हणून 'डेम्लो'. त्यांची ६१७४ ही संख्या जास्त गाजली. १९७५ साली अमेरिकन गणितलेखक मार्टिन गार्डनरनं त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगभर नाव झालं. त्याआधी आपल्याकडच्या अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटत होता. त्या मुलीची पेन्सिल पाहिल्यावर मला तो शब्द फार खुपला.

"सर, दहा एक घेतले तर?" तिनं विचारलं.

"घे की."

दहा ओळी झाल्या. मधल्या रकान्यात पेन्सिल थांबली. "हातचा आला!" लगेच शेजारच्या रकान्यातही आला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. शिखराच्या जागी दोन शून्यं. मांडले होते शंभर एक, बेरीज भरली ब्याऐंशी. तिला वाटलं आपलंच चुकलं. खोडरबर घेतला, पुन्हा मोजलं, पुन्हा ब्याऐंशी. सर काहीच बोलले नाहीत. पाचेक मिनिटांनी तीच म्हणाली, "हातचा दहा घेतो आणि एकच देतो. नऊ गेले. दोन हातचे, अठरा गेले."

एवढ्यासाठी मी पुढच्या तीन रविवारी तिथं जाऊन बसलो. पाठ्यपुस्तकात हातचा ही नुसती रीत असते. इथं त्याची किंमत एका मुलीनं स्वतः काढली होती. याला गणितच म्हणतात.

अकरा एकांचं उत्तर मी इथं देत नाही. घरात चौकटीची वही असेल. मुलांना बसवा, शेजारी तुम्हीही बसा, आणि मोबाइल दूर ठेवून अकरा ओळी मांडा.