बिनखात्याच्या मंत्री

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात १९२१ साली ‘युनायटेड फार्मर्स ऑफ अल्बर्टा’ ही शेतकऱ्यांची संघटना सत्तेवर आली आणि आयरीन पार्लबी यांना मंत्रिमंडळात स्थान मिळाले. स्थान मिळाले, खाते मात्र मिळाले नाही. तीन मुख्यमंत्री झाले, चौदा वर्षे लोटली, तरी बाई बिनखात्याच्याच मंत्री राहिल्या. महिलांच्या हिताविषयीचे सर्व प्रश्न मात्र त्यांच्याकडे बिनदिक्कत सोपविले जात. स्त्रियांचे प्रश्न हे खाते नव्हे, अशीच त्या काळची समजूत असावी. ती आज पुरती मावळली आहे, असेही म्हणवत नाही.

लंडनमध्ये १८६८ साली जन्मलेल्या पार्लबी यांच्या बालपणाचा काही काळ हिंदुस्थानात गेला होता. विवाहानंतर त्या अल्बर्टातील शेतावर स्थिरावल्या. डॉक्टर मैलोगणती दूर, बाळंतपण देवाच्या हवाली, हे तेथील शेतकरी स्त्रीचे जिणे त्यांनी जवळून पाहिले. शेतकरी महिलांच्या संघटनेच्या अध्यक्षा म्हणून त्यांनी १९१६ पासून ग्रामीण रुग्णालये व फिरते दवाखाने यांचा आग्रह धरला. राजकारणाची त्यांना हौस नव्हती. ते अंगावर पडले आणि त्यांनी ते निभावले. स्त्री कामगारांच्या किमान वेतनाचा १९२५ चा कायदा त्यांनीच पुढे आणला. कॅनडाच्या घटनेतील ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री येते की नाही, या वादातील पाच अर्जदार स्त्रियांपैकी त्या एक होत्या. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२८ मध्ये ‘नाही’ म्हटले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८ ऑक्टोबर १९२९ रोजी तो निकाल फिरविला.

या कीर्तीला एक काळा डागही आहे व तो झाकण्याचे कारण नाही. ‘मनोदुर्बल’ ठरविलेल्यांच्या नसबंदीचा १९२८ चा कायदा याच सरकारने केला आणि पार्लबी यांनी त्याचा पुरस्कार केला. १९७२ साली तो रद्द होईपर्यंत सुमारे २,८०० माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत स्त्रियाच अधिक होत्या. दुबळ्यांच्या कैवाराचे व्रत घेतलेल्या व्यक्तीला सर्वांत दुबळ्यांचा विसर पडावा, हे केवळ ‘काळाचा दोष’ म्हणून सोडून देता येत नाही.

त्यांची सर्वांत दूरदर्शी मागणी मात्र फळाला आलीच नाही. शेतावर पतीबरोबर राबणाऱ्या पत्नीचा मिळकतीत कायदेशीर वाटा असावा, आपल्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्यावर तिचेही नाव असावे, असा त्यांचा आग्रह होता. वैवाहिक मिळकतीच्या समाईक मालकीचे विधेयक विधिमंडळापुढे आले, पण शेतकऱ्यांच्याच सरकारला ते पेलवले नाही. १९३५ च्या निवडणुकीस पार्लबी उभ्या राहिल्या नाहीत; त्या निवडणुकीत पक्षाची एकही जागा उरली नाही. १९६५ साली त्यांचे निधन झाले.

पुढे अल्बर्टातीलच एका पशुपालकाच्या पत्नीने मिळकतीतील वाट्यासाठी दावा लावला. पती वर्षातील पाच महिने बाहेरगावी असताना गवत कापणे, ट्रक चालविणे, गुरांना डाग देणे ही सारी कामे ती करीत असे. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तिचा दावा फेटाळला. हे तर कोणतीही पशुपालकाची बायको करतेच, असा त्यामागील आशय होता. देशभर संताप उसळला. अखेर अल्बर्टाने वैवाहिक मिळकतीचा कायदा केला, तो १९७८ साली.