शेजारचा खेळाडूच खरा आदर्श : भुईगावचा शिलालेख काय सांगतो?

वसई तालुक्यातील भुईगाव म्हटले की लोकांना समुद्रकिनारा आणि सुरूची झाडे आठवतात. आपल्यासाठी मात्र या गावाची ओळख आणखी मोठी आहे. 1956 साली भुईगावात बेसॉल्ट दगडाचा एक तुकडा सापडला. त्यावर सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाच्या 11 ओळी कोरलेल्या होत्या. त्याआधी 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना जवळच्या सोपाऱ्यात आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला होता. दोन्ही तुकडे आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली तेही वर्ष 1956 च.

नवव्या शिलालेखाचा आशय साधा आहे. आजारपण, लग्न, बाळाचा जन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक अनेक मंगलविधी करतात. पण त्यांचे फळ अल्प. खरे मंगल म्हणजे धम्माचे आचरण : सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांबद्दल संयम आणि दान. ही गोष्ट कोणी सांगावी, तर वडिलांनी, मुलाने, भावाने, मालकाने, मित्राने, अगदी शेजाऱ्यानेसुद्धा. चांगली गोष्ट शिकवायला दूरचा महापुरुषच हवा असे अशोक म्हणत नाही. जवळचा माणूसही ते काम करू शकतो.

हाच विचार खेळाच्या मैदानावर लावून पाहू. आपल्या वस्तीतील मुलांच्या भिंतीवर क्रिकेटपटूंची पोस्टर्स असतात. त्यातून उत्साह येतो, पण वाट कळत नाही. वाट सांगू शकतो तो शेजारच्या गल्लीत राहणारा, विद्यापीठाच्या संघातून खेळलेला दादा किंवा ताई.

ही वाट कशी असते? शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या असतात. पुढे महाविद्यालयाचा संघ, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून विद्यापीठाचा संघ आणि मग भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा. 2020 मध्ये भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या, त्यामुळे आणखी एक दार उघडले. शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण नियमात बसणारी स्पर्धा कोणती, प्रमाणपत्र कोणते लागते, त्याची पडताळणी कशी होते, हे नववी-दहावीतल्या मुलाला कोण सांगणार? ज्यांच्या घरात आधी कोणी खेळाडू नाही, तिथे ही माहिती पोहोचतच नाही. गुणी मुले अनेकदा इथेच मागे पडतात.

मोठ्याने धाकट्याला वाट दाखवल्याचे उदाहरण आपल्या इतिहासात आहे. चर्मकार समाजातील बाळू पालवणकर यांनी पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाच्या देखभालीची नोकरी करता करता गोलंदाजी घडवली. सोबतचे खेळाडू त्यांना चहा मात्र वेगळ्या मातीच्या भांड्यात देत. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. धाकटे बंधू शिवरामही त्या संघात होते. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद जातीमुळे बाळूंना मिळाले नाही. 1920 मध्ये शिवराम आणि विठ्ठल या भावांनी या अन्यायाविरुद्ध निषेध नोंदवला. 1923 मध्ये विठ्ठल त्याच संघाचे कर्णधार झाले. धाकट्यांनी थोरल्याकडून चेंडू वळवण्याबरोबरच मान ताठ ठेवणेही घेतले.

बाळूंना महाविद्यालय मिळाले नव्हते. आज आपल्या अनेक मुलामुलींना ते मिळाले आहे, म्हणून त्यांची जबाबदारीही वाढते. वसई-विरार परिसरातील महाविद्यालयांत खेळणाऱ्या तरुणांनी आठवड्यातून दोन तास आपल्या वस्तीला द्यावेत. त्यासाठी मोठी संस्था किंवा निधी लागत नाही. बुद्धविहारासमोरचे अंगण किंवा किनाऱ्यावरची घट्ट वाळूही पुरते. काय करता येईल?

– सरावाआधी अंग कसे मोकळे करायचे आणि दुखापत झाल्यावर कधी थांबायचे, हे शिकवावे.
– जन्मतारखेचा दाखला, शाळेचे ओळखपत्र, स्पर्धांची प्रमाणपत्रे एका फाईलमध्ये ठेवायची सवय लावावी.
– ताकदीच्या नावाने मिळणाऱ्या गोळ्या-पावडरींपासून मुलांना दूर ठेवावे. बंदी घातलेला पदार्थ शरीरात सापडला तर वर्षांची मेहनत जाते.
– मुलींसाठी मैदानावर ठरलेली वेळ राखावी आणि ती पाळली जाते ना, हे पाहावे.
– परीक्षेच्या दिवसांत आपणही पुस्तक घेऊन बसावे. खेळ आणि अभ्यास एकत्र चालतात हे मुलांना डोळ्यांनी दिसले पाहिजे.

आदर्श होणे म्हणजे निर्दोष होणे नव्हे. हरल्यावर पंचाला शिवी न देणारा, निवड झाली नाही तरी दुसऱ्या दिवशी सरावाला येणारा दादा मुले बारकाईने पाहतात. धम्मात शीलाला जे स्थान आहे, ते मैदानावर अशा वागण्यातून दिसते. भाषणापेक्षा ते लवकर पोहोचते.

कार्यकर्त्यांनीही आपल्या सत्कारांचा विचार करावा. पदक मिळवणाऱ्याला जयंतीच्या दिवशी शाल देऊन आपण मोकळे होतो. त्याऐवजी त्याच्या हाती वस्तीतील दहा मुले सोपवली, तर पुढच्या जयंतीला सत्कारासाठी आणखी नावे असतील. भुईगावच्या दगडाने सांगितलेले मंगल ते हेच : शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगितलेली चांगली गोष्ट.

जय भीम, नमो बुद्धाय!