आकड्यांमागचे व्होल्ट (लेखांक ७) : पाच व्होल्टची पायली

मागच्या आठवड्यात एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर आपण आर्डुइनो उनोला जोडला. दर अंशाला १० मिलिव्होल्ट, इतका सरळ हिशेब. आता तीच पेटी गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा परिसरात, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर ठेवायची आहे असं धरू. सोबत मेसेज पाठवायला जीएसएम मोडेम. हाजरा धबधब्याच्या या डोंगर-जंगलाच्या पट्ट्यात सिग्नल अशक्त असला की मोडेम जास्त जोर लावतो. क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो आणि ५ व्होल्टचा पुरवठा समजा ४.७ वर येतो. बाहेर ४४ अंश असताना पेटी कळवते ४६.४.

सेन्सरचा यात दोष नाही. उनोतला १० बिटांचा एडीसी मुळात व्होल्ट मोजतच नाही. आलेलं व्होल्टेज संदर्भ व्होल्टेजचा कितवा हिस्सा आहे, एवढंच तो १०२४ पायऱ्यांत सांगतो; आणि वेगळं काही बजावलं नाही तर पुरवठ्यालाच संदर्भ मानतो. पायली लहान झाली की तेच धान जास्त पायल्या भरतं. ४४० मिलिव्होल्ट ५ च्या मापाने ९० भरले असते, ४.७ च्या मापाने ९५ भरले. प्रोग्रॅम मात्र ५ चंच माप धरून बसलेला.

मोडेम गप्प असताना वाचन घ्या, असं कुणी सुचवेल. पण यूएसबी चार्जरचे ५ व्होल्ट तेव्हाही ४.७५ ते ५.२५ मध्ये कुठेतरी असतात. उनोच्या चिपच्या पोटातला १.१ व्होल्टचा संदर्भ १.० ते १.२ मध्ये कुठेही सापडतो. एकच पेटी असेल आणि ती ताडून घ्यायची तयारी असेल तर तोही चालेल.

मी एलएम४०४० हा बाहेरचा संदर्भ घेईन, २.५ व्होल्टचा. ५ व्होल्टपासून १ किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्या दुसऱ्या टोकाला एलएम४०४० चा कॅथोड, अ‍ॅनोड ग्राउंडला, आणि कॅथोडवरून तार उनोच्या एरेफ पिनला, म्हणजे बाहेरचा संदर्भ घेणाऱ्या पिनला. पुरवठा ४.७ झाला तरी रेझिस्टरमधून २.२ मिलिअँपिअर येतात. एलएम४०४० ला ०.१ पुरतो, एरेफ पिन ०.०८ घेते. मोडेमची ग्राउंडची तार मात्र वेगळी न्या.

तार जोडण्याआधी प्रोग्रॅम चढवा, आणि त्यात पहिल्या वाचनाआधी बाह्य संदर्भ निवडा. हे राहिलं तर वाचनाच्या वेळी उनोची चिप आतून पुरवठा आणि एरेफ एकत्र जोडते. ५ व्होल्ट थेट २.५ वर आदळतात आणि चिप जाऊ शकते. बचावासाठी काहीजण वाटेत ५ किलोओहम घालतात. मग पिनवर २.५ ऐवजी सुमारे २.१६ व्होल्टच पोचतात, कारण पिनच्या आत ३२ किलोओहम बसलेले आहेत.

याच पेटीत बांधीतल्या पाण्याची पातळी दाखवणारा, तरंगत्या डब्याने फिरणारा पोटेन्शिओमीटर असेल, तर त्याला ५ व्होल्टवर ठेवू नका. एकटा असता तर पुरवठ्याचंच माप त्याला उत्तम होतं: दोन्ही एकाच प्रमाणात घसरतात, चूक आपोआप कटते. आता माप २.५ चं झालं आहे, म्हणून त्यालाही त्याच २.५ वरून चालवा. १० किलोओहमचा असला तर जेमतेम ०.२५ मिलिअँपिअर घेईल.